वाचनाचा संकल्प आणि निराशेचा महिना

वर्षारंभी पुस्तकांची एक संख्या ठरवावी आणि वर्षभर त्या संख्येच्या रोखाने वाचत जावे, हा प्रघात आता सुशिक्षित वाचकवर्गात चांगलाच रुळला आहे. कोणी बावन्न ठरवतो, म्हणजे आठवड्याला एक. कोणी शंभराची उडी घेतो. कोणी नोकरी आणि संसार यांचा अंदाज घेऊन चोविसावर थांबतो. पूर्वी हा हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर राहत असे. २००७ साली सुरू झालेल्या ‘गुडरीड्स’सारख्या संकेतस्थळांनी त्याला चव्हाट्यावर आणले आणि आपण ठरवलेल्या गतीच्या किती पुस्तके मागे आहोत, हे वाचकाला यंत्रच सांगू लागले. या प्रघाताची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळदा केलीही जाते. परंतु त्यातून उद्भवणारी एक अवस्था थट्टेपेक्षा अधिक विचारास पात्र आहे. संकल्पाच्या वर्षात मध्येच येऊन ठेपणारा निराशेचा महिना, ही ती अवस्था होय.

असा एक वाचक कल्पावा. तो महाविद्यालयात शिकवतो. त्याने बावन्न पुस्तकांचा संकल्प केला आहे आणि जूनअखेर त्याची सव्वीस पुस्तके वाचून झाली आहेत. जुलैत त्याने पाच पुस्तके हाती घेतली. त्यांपैकी दोनच पूर्ण झाली, आणि त्यांतलेही एक केवळ संख्येत जमा व्हावे म्हणून रेटून नेले गेले. दोन अर्ध्यावर सुटली. पाचवे पुस्तक म्हणजे ज्याची त्याने कित्येक महिने वाट पाहिली होती असे चरित्र. ते शंभराव्या पानापुढे सरकेना. महिनाअखेर हा वाचक खिन्न आहे. पुस्तके हिणकस निघाली म्हणून तो खिन्न आहे, वेळ वाया गेला म्हणून, की संख्या चुकली म्हणून? विचारले तर त्यालाही नीट सांगता येणार नाही. तिन्ही दुःखे एकमेकांत मिसळली आहेत, आणि ती वेगळी करू पाहिली की वाचनाविषयीचे काही जुने नैतिक प्रश्न पुन्हा समोर उभे राहतात.

संख्येने किंवा मुदतीने बांधलेले वाचन ही काही परकीय अथवा अर्वाचीन कल्पना नव्हे. ‘रामचरितमानसा’च्या प्रचलित आवृत्त्यांत नऊ दिवसांच्या आणि तीस दिवसांच्या पारायणासाठी विश्रामांच्या जागा छापलेल्या असतात; त्यांपैकी दुसऱ्या पाठाला मासपारायण असेच नाव आहे. केरळात कर्कटक मासात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, एळुत्तच्छन यांचे ‘अध्यात्मरामायण’ घरोघर वाचले जाते. गुरु ग्रंथसाहिबाची १४३० पृष्ठे सुमारे अठ्ठेचाळीस तासांत खंड न पडू देता वाचणे हा अखंड पाठ होय. महाराष्ट्रात ज्ञानेश्वरीचे आणि गुरुचरित्राचे सप्ताह आजही होतात, आणि पोथी कोणत्या दिवशी कोणत्या अध्यायापर्यंत यावी याचा क्रम ठरलेला असतो. तेव्हा वाचनाला नेम लावणे यात मुळात काही गैर आहे, असे या देशातील माणसाला तरी म्हणता येणार नाही.

भेद आहे तो वेगळ्या ठिकाणी. पारायणात ग्रंथ एकच असतो आणि वाचणारा तो पूर्वीही वाचून चुकलेला असतो. ग्रंथ आपल्याला काय देतो याची परीक्षा तेथे चाललेली नसते. म्हणून मासपारायण करणाऱ्याच्या वाट्याला निराशेचा महिना येत नाही. नेम चुकलाच तर राहिलेला पाठ दुसऱ्या दिवशी भरून काढावा, एवढी व्यवहारी सोय परंपरेने करून ठेवलेली असते. शिवाय परंपरेत मोजण्याचे काम शक्य तितके बाहेर सोपवलेले दिसते. जपमाळेचे एकशे आठ मणी बोटांनी मोजायचे ते एवढ्यासाठी, की मनाला मोजावे लागू नये. वार्षिक संकल्पाच्या वाचकाचे नेमके उलट होते. पान उलटणारी बोटे मोकळी राहतात आणि आकडा मनात जाऊन बसतो.

एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचे काम शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली पुरे केले. निरनिराळ्या प्रती समोर ठेवून नऊ हजारांच्या घरातील ओव्यांचा एकेक शब्द तपासणाऱ्या त्या वाचकाची आजच्या पद्धतीने नोंद करायची, तर ‘पुस्तके एक’ अशी करावी लागेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिचे एकोणीस खंड आणि सुमारे एकोणनव्वद हजार श्लोक. संख्यावादी वाचक ती एकोणीस धरील की एक? आणि साठ पानांचा कवितासंग्रह एका दुपारी वाचून कपाटात ठेवणाऱ्याने तोही एक धरला, तर कवितासंग्रह खरोखर वाचला गेला का? प्रश्न बालिश वाटतो खरा, पण संकल्पाच्या उत्तरार्धात वाचकाची निवड ह्याच प्रश्नाने वाकडी होते. मागे पडलेला वाचक जाड पुस्तकाला हात लावीनासा होतो. तो लघुकादंबऱ्या, भाषणांच्या पुस्तिका आणि नाटके शोधू लागतो. नाटक हे वाङ्मयीन दृष्ट्या कादंबरीहून उणे नाही हे मान्य करूनही, ते केवळ पातळ आहे म्हणून निवडले जाणे हा नाटकाचा अपमानच म्हणावा लागेल.

येथे कोणी म्हणेल, की संकल्प स्वतःशीच केलेला आहे. तो मोडला तर कोणाचे काय बिघडले? ही शंका तत्त्वज्ञानाला अपरिचित नाही. १७९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात कांटने हीच अडचण मांडली होती: बांधणारा आणि बांधला जाणारा एकच असेल, तर बांधणारा केव्हाही बंधन सोडवू शकेल, मग त्याला बंधन कसे म्हणायचे? कांटने तिचे निरसन आपल्या पद्धतीने केले, मनुष्याच्या ठिकाणी दोन भूमिका कल्पून. त्या सूक्ष्म चर्चेत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. भारतीय विचारात मात्र हा प्रश्न अशा रूपात उभाच राहत नाही, कारण तेथे अध्ययन हे स्वतःशी केलेल्या कराराचे फळ मानलेले नाही. ते ऋण आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण या तिहींपैकी दुसरे स्वाध्यायाने फेडावयाचे असते. ज्यांनी आधी पाहिले, विचार केला आणि सांगून ठेवले, त्यांचे आपण देणे लागतो, ही ती भूमिका. या भूमिकेवरून पाहिले तर संख्या पुरी झाली की नाही हा प्रश्न गौण ठरतो. जे वाचले त्याकडे आपण कोणत्या वृत्तीने गेलो, हा मुख्य ठरतो. आणि ऋण म्हटले की घाईने उरकण्याचा मोहही निंद्यच ठरतो.

अर्थात ऋषिऋणाची ही कल्पना गौरवून सांगताना तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. स्वाध्यायाचा अधिकार शतकानुशतके मूठभरांपुरता राखून ठेवलेला होता. बाकीच्यांना ऋणही नव्हते आणि ग्रंथही नव्हता. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, आणि त्याच वर्षी त्याच शहरात आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखली जाणारी सार्वजनिक लायब्ररी स्थापन झाली. त्या शाळेच्या दारातून प्रथमच आत आलेल्यांच्या पुढील पिढ्यांनी वाचलेली पुस्तके मोजली असतील, तर त्या मोजण्याची जात निराळी आहे. ज्याला पुस्तक नाकारले गेले त्याने पुस्तके मोजणे आणि ज्याच्या घरात न वाचलेल्यांचा ढीग आहे त्याने मोजणे, या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत. संख्येविषयी सरसकट तुच्छतेने बोलणाऱ्या अभिजनांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आता त्या जुलै महिन्याकडे वळता येईल. पाच पुस्तकांनी निराशा केली, असे तो वाचक म्हणतो. या वाक्यात कर्ता पुस्तक आहे. दोष पुस्तकाकडे, भोग वाचकाकडे, असा निवाडा त्या वाक्यरचनेतच होऊन गेला आहे. तो न्याय्य आहे काय, हे तपासण्यासाठी साहित्यशास्त्रातच एक उत्तम साधन उपलब्ध आहे, आणि नवल असे, की वाचनाच्या चर्चेत त्याचा उपयोग फारसा होत नाही. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी काश्मीरात अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत रससूत्राचे विवरण करताना रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. रसाची प्रतीती ही विघ्नरहित प्रतीती होय, असे त्याचे म्हणणे. तेव्हा रस आला नाही, तर कोणते विघ्न आडवे आले हे शोधले पाहिजे.

ही सात विघ्ने एकाच बाजूची नाहीत, हा त्यांतला मर्माचा भाग. प्रतीतीची साधनेच अपुरी असणे, वर्णिलेले स्फुट न होणे, जे प्रधान असावे ते गौण होऊन बसणे, कोणत्या भावाकडे हे चालले आहे याचा संशय राहणे, ही विघ्ने बहुतांशी कृतीची आहेत. लेखकाला भाषा पेलली नाही, व्यक्तिरेखा धूसर राहिली, मुख्य सूत्र तपशिलांत बुडाले, असे आजची समीक्षा म्हणते तेव्हा ती याच विघ्नांची नावे वेगळ्या शब्दांत घेत असते. उलटपक्षी, वाचलेल्या सुखदुःखाला ‘हे माझे’ किंवा ‘हे त्याचे’ अशा देशकालाच्या खुंटीला बांधून टाकणे, हे विघ्न मुख्यतः रसिकाच्या बाजूचे आहे. त्याहून अधिक उघडपणे रसिकाचे असलेले विघ्न म्हणजे ज्याला अभिनवगुप्त निजसुखादिविवशीभाव म्हणतो ते. स्वतःच्या सुखाने किंवा दुःखाने, चिंतेने वा हर्षाने जो आधीच व्यापलेला आहे, त्याचे चित्त दुसऱ्या कशावर विसावणार कसे? उरलेले विघ्न, म्हणजे संभवनीयतेचा अभाव, दोहोंच्या सीमेवर आहे: हे घडू शकेल असे वाचकाला वाटतच नसेल, तर लेखकाने पटवले नाही असे म्हणायचे, की वाचकाची कल्पनाशक्ती आखूड पडली असे?

आपल्या वाचकाच्या पाच पुस्तकांना ही कसोटी लावून पाहावी. रेटून पूर्ण केलेल्या कादंबरीत प्रधान-गौण भावाचा घोटाळा असेल, तर तिच्यावरील ठपका योग्य आहे. अर्ध्यावर सोडलेल्या दोहोंपैकी एकाची भाषाच दुबळी असेल. पण वाट पाहून मिळवलेले ते चरित्र? शंभराव्या पानाशी ते अडले तेव्हा महिन्याची वीस तारीख उलटली होती, चार पुस्तके संख्येत कमी होती, आणि वाचक दर बैठकीनंतर उरलेली पाने मोजत होता. मागे पडल्याची चिंता हेदेखील एक निजदुःखच आहे. संकल्पाने वाचकाला पुस्तकांकडे आणले खरे, पण पुस्तकाशी आल्यावर तोच संकल्प सातांपैकी एक विघ्न होऊन बसला. चरित्रकाराने कित्येक वर्षे खर्चून केलेले काम या वाचकाच्या लेखी ‘निराशाजनक’ ठरले, आणि त्या निर्णयात चरित्रकाराचा वाटा किती, हे ठरवण्याचा मार्ग वाचकाने स्वतःच बंद करून टाकला. हा अन्याय लहान आहे. त्याची फिर्याद कोठे होत नाही. तथापि तो अन्यायच आहे, आणि असे शेरे तारांकित करून सार्वजनिक ठिकाणी टांगण्याची सोय झाल्यापासून तो तितकासा लहानही राहिलेला नाही.

अभिनवगुप्ताने या विघ्नावरचा उपायही सांगितला आहे. नाट्यगृहात गीत असते, वाद्ये असतात, मंडप शोभिवंत असतो. या साऱ्याच्या योगाने प्रेक्षकाचे चित्त स्वतःच्या चिंतांपासून सुटते आणि अरसिकही क्षणभर सहृदय होतो. एकट्याने वाचणाऱ्याला असा मंडप नाही. त्याला तो स्वतःच उभारावा लागतो: वेळेचा, स्वस्थतेचा, एका जागी बसण्याचा. संकल्प हा असा मंडप होऊ शकला असता. रोज रात्री नऊ ते दहा वाचीन, असा नेम आणि वर्षाला बावन्न संपवीन, असा नेम यांत जो फरक आहे तो येथे कळतो. पहिल्यात वाचनाला जागा करून दिलेली आहे; दुसऱ्यात वाचनाकडून वसुली मागितलेली आहे.

अर्धवट सोडण्याचा प्रश्न याहून सोपा आहे, जरी वाचकांना तो फार छळतो. हाती घेतलेले पुस्तक संपवलेच पाहिजे, असा संस्कार आपल्याकडे शाळेपासून होतो. ताटात वाढलेले टाकू नये, या शिकवणीचेच ते एक रूप असावे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन याला हा संस्कार अजिबात मान्य नव्हता. बॉस्वेलने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात (१७९१) तो विचारतो, की ज्याची ज्याची ओळख होईल त्याच्याशी जन्मभर संबंध ठेवीन, असे कोणी ठरवते काय? मग पुस्तकाच्याच बाबतीत तसे का ठरवावे? जॉन्सनच्या बोलण्यात फटकळपणा आहे, पण मुद्दा बिनतोड आहे. त्याला ग्रंथपालाच्या बाजूनेही आधार मिळतो. शियाळीच्या रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळण्याविषयी आहे आणि दुसरे वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी. ही दोन सूत्रे शेजारी ठेवली, की अर्ध्यावर परत केलेल्या पुस्तकाविषयीची रुखरुख पुष्कळ कमी होते. हा त्या ग्रंथाचा वाचक नव्हता, किंवा अद्याप झालेला नाही. ग्रंथ फळीवर परत गेला म्हणजे त्याच्या खऱ्या वाचकाची वाट मोकळी झाली. संख्येच्या वाचकाला मात्र हे समाधान घेता येत नाही, कारण त्याच्या वहीत अर्ध्याला रकाना नसतो.

वहीचा उल्लेख झालाच आहे, तर नोंद आणि उद्दिष्ट यांतील भेद सांगितला पाहिजे. चार्ल्स डार्विनने १८३८ पासून १८६० पर्यंत वाचलेल्या आणि वाचावयाच्या पुस्तकांच्या याद्या ठेवल्या होत्या. ग्लॅडस्टनने वयाच्या पंधराव्या वर्षापासून, १८२५ ते १८९६ पर्यंत, रोजनिशीत आपले वाचन टिपले. त्या नोंदींतील ग्रंथांची संख्या वीस हजारांवर जाते. त्याच्या दृष्टीने ही रोजनिशी म्हणजे ईश्वराने दिलेल्या वेळेचा जमाखर्च होता. हे दोघेही मोजत होते, परंतु घडून गेलेले मोजत होते. अमुक आकडा गाठायचा म्हणून पुढचे पुस्तक निवडावे, ही बुद्धी त्या याद्यांत दिसत नाही.

पण डार्विनची कथा एवढ्यावर संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग संख्येच्या विरोधकांनाही अडचणीत टाकणारा आहे. १८७६ साली, सदुसष्टाव्या वर्षी लिहिलेल्या आत्मवृत्तात त्याने एक कबुली दिली. तिशीपर्यंत त्याला कवितेची गोडी होती, शेक्सपिअर तर शाळकरी वयापासून प्रिय होता; आणि आता कवितेची एक ओळही सोसवत नाही, शेक्सपिअर पुन्हा उघडून पाहिला तर किळस यावी इतका नीरस वाटला. मन हे तथ्यांच्या राशीतून सामान्य नियम दळून काढणारे यंत्र झाले असावे, असे निदान त्याने केले. ही गोडी जाण्याने सुख तर गेलेच, शिवाय बुद्धीला आणि कदाचित नैतिक प्रकृतीलाही इजा झाली असावी, अशी भीती त्याने व्यक्त केली. शेक्सपिअर तोच होता, नाटके तीच होती. निराशेचा महिना नव्हे, निराशेचे दशक म्हणावे अशी ही अवस्था. आणि तीत त्याने दोष पुस्तकाकडे ढकलला नाही. याहून लक्षणीय म्हणजे त्याला सुचलेला उपाय. आयुष्य पुन्हा जगता आले, तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचण्याचा आणि थोडे संगीत ऐकण्याचा नियम आपण करू, असे तो लिहितो. म्हणजे रसिकता गमावलेल्या त्या थोर माणसानेही अखेर आधार शोधला तो नियमाचाच, आठवड्याला एकदा अशा मापाचा. हौस आपोआप टिकते, ओढ असेल तेव्हा वाचावे, संख्या आणि नेम हे रसिकतेला मारक आहेत, असे म्हणणाऱ्यांनी या कबुलीचा विचार करावयास हवा. ओढ आपोआप टिकत नाही. न वापरलेली इंद्रिये जशी मंदावतात तशी तीही मंदावते, आणि ती मंदावल्याचे पहिले लक्षण बहुधा ‘हल्ली चांगली पुस्तकेच येत नाहीत’ ह्या तक्रारीचे रूप घेऊन येते.

तेव्हा बावन्नांचा संकल्प करणाऱ्या वाचकाने संकल्प टाकून द्यावा, असे म्हणता येत नाही. त्या महिन्याची नोंद कशी करावी, एवढाच प्रश्न उरतो. ‘जुलै: दोन’ ही नोंद खरी आहे, पण तिच्यातून काहीच कळत नाही. या बाबतीत मोंतेञची पद्धत पाहण्यासारखी आहे. कंटाळा आला की तो पुस्तक खुशाल बाजूला ठेवी. अवघड जागी नखे कुरतडत बसणे त्याला मंजूर नव्हते. मात्र स्मरणशक्ती दगा देते, वाचून टिपणे काढलेले पुस्तक काही वर्षांनी नवे समजून पुन्हा हाती घेतले जाते, असे आढळल्यावर त्याने प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी वाचून संपल्याची तारीख आणि आपले मत लिहून ठेवण्यास आरंभ केला. १५८० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधांत, पुस्तकांविषयीच्या निबंधाअखेर, अशी तीन टिपणे त्याने जशीच्या तशी उतरवली आहेत. त्यांपैकी एक इटालियन इतिहासकार ग्विच्चार्दिनीवरचे आहे. इतिहासकार म्हणून त्याची विश्वसनीयता मान्य करून मोंतेञ तक्रार नोंदवतो, की इतक्या माणसांच्या इतक्या कृत्यांचे मूल्यमापन करताना या लेखकाने एकही कृत्य सद्गुणाच्या किंवा सदसद्विवेकाच्या खाती टाकलेले नाही. सगळीकडे त्याला स्वार्थ आणि दुष्ट हेतूच दिसले. हे टिपण निराशेचेच आहे. ग्विच्चार्दिनीच्या ग्रंथाविषयी त्यातून जितके कळते, तितकेच मोंतेञ त्या ग्रंथात काय शोधत होता हेही कळते, आणि लिहिताना त्याने सोबत तारीख घातलेली होती.